सातवी चाल

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. आत्याला तो पुरता ठाऊक होता, म्हणूनच त्या दिवशी सकाळी तिनं मला देवाची शपथ घातली: पाहुणे असेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पाहुणे मुंबईचे. जुन्या नाटकांतल्या पदांच्या चाली स्वरलिपीत उतरवून ते पुस्तक काढत होते, आणि सात चालींसाठी रत्नागिरीला आमच्या अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, आले होते. अण्णा तरुणपणी एका नाटक कंपनीत पेटी वाजवत. चाली त्यांच्याच नावावर होत्या. बांधल्या होत्या आत्यानं, त्यांच्या बहिणीनं. विसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली होती. गाण्याची चाल बाईनं लावली असं कळलं, की लोक बाईच्याच चालीवर बोलतात, असं आजोबांचं म्हणणं. चाळीस वर्षं घरात सगळ्यांना माहीत, बाहेर कुणालाच नाही. पण पुस्तकात एकदा अण्णांचं नाव छापून आलं की संपलंच. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. एवढं कळायचं वय होतं.

अण्णा ओटीवर पेटी घेऊन बसले. आत्या माजघरात दाराआड तांदूळ निवडत होती, मी तिच्याजवळ.

सहा चाली सुरळीत झाल्या. प्रत्येकीच्या शेवटी पाहुणे 'आपलीच ना?' विचारत, अण्णा 'हो' म्हणत. दर 'हो'ला माझं डोकं भणभणे. आत्याच्या सुपातून खड्यांबरोबर तांदूळही बाहेर जात होते.

सातव्या चालीत अंतऱ्याच्या मध्यावर दोन मात्रा कुणी गायचंच नाही, आणि मग सूर एकदम वर जातो. पाहुण्यांना ती जागा फार आवडली. हे सुचलं कसं, त्यांनी विचारलं. अण्णा अडखळले, आणि लयशास्त्रातलं काहीबाही सांगू लागले. सगळी वडाची साल पिंपळाला. पाहुण्यांच्या कपाळावर आठी चढली.

मला राहवेना. शपथ गेली चुलीत. दारातूनच मी म्हणाले, "तिथं घागर काठावर घेतात."

आणि सांगूनच टाकलं. ही चाल आमच्या चिऱ्याच्या विहिरीवर पाणी शेंदताना झाली. दोर ओढताना गळा चालतो. भरली घागर दोन्ही हातांनी काठावर घेताना श्वास धरावा लागतो, त्या दोन मात्रा.

"पाणी कोण शेंदायचं?" पाहुण्यांनी विचारलं.

अण्णांनी जन्मात कधी दोराला हात लावला नव्हता. त्यांचा चेहरा उतरला. मग ते घाईघाईनं म्हणाले, ही चाल पारंपरिक आहे, तसंच लिहा. स्वतःचं नाव सोडायला तयार झाले, पण बहिणीचं द्यायला नाही. त्याचा मला आजही राग येतो. पाहुण्यांनी कागदावर पेन्सिल टेकवली.

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. परक्या पुरुषासमोर कधी न येणारी आत्या पदर सावरत उंबऱ्यात उभी राहिली.

"पारंपरिक म्हणजे मेलेल्यांचं ना?" ती म्हणाली. "मी जिती आहे अजून."

अण्णा काय करतील, नेम नव्हता. पाहुण्यांनीही नाव काय लिहू, ते अण्णांनाच विचारलं. अण्णांनी पेटीचा भाता बंद केला.

"तिलाच विचारा," ते म्हणाले. "आणि त्या सहांवरही तेच घाला."

आत्यानं नाव सांगितलं. इतकं हळू, की पाहुण्यांना ते दोनदा विचारावं लागलं.