बाहेरची बातमी

सरांना माणसाच्या मनातलं कळतं, अशी त्यांची शहरभर ख्याती होती. कळतंय कसलं, कपाळ! सरांना स्वतःच्या बुटाची नाडी सुटलेली कळत नसे. ती कळे ताईंना, आणि ताईच ती त्यांना सांगत.

ताई म्हणजे सरांच्या समुपदेशन केंद्रात बाहेरच्या खोलीत टेबलामागे बसणाऱ्या बाई. अकरा वर्षं एकाच खुर्चीत. येणाऱ्याची वेळ वहीत मांडायची, फोन घ्यायचे, सरांची भाषणं टाइप करायची आणि भिंतीवरच्या परवान्याची काच रोज पुसायची. हा परवाना सरांनी एवढ्या दांडग्या चौकटीत बसवून घेतला होता, की शेजारचा वडिलांचा फोटो अर्जावर चिकटवायचा वाटे. "ही काच म्हणजे आपली अब्रू आहे," असं सर म्हणत. त्यांची अब्रू ताई ओल्या फडक्यानं पुसत आणि फडकं बादलीत पिळत.

केंद्राची एक रीत होती. माणूस आत जायच्या पाच मिनिटं आधी ताई सरांचा चहा घेऊन आत जात. सर डोळे मिटून, बोटं जुळवून बसलेले. डोळे न उघडता विचारत, "काय, बाहेरची बातमी?"

"लवकर आलाय. बायकोचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा कापला. शर्टाचं बटण तुटलंय, तसाच आलाय."

ताई बाहेर येत, माणूस आत जाई. सर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहत आणि हळूच म्हणत, "घरात कुणाशीच बोलावंसं वाटत नाही ना हल्ली?" की लागला तो ढसाढसा रडायला. बाहेर येताना नाक पुसत ताईंना म्हणे, "सर अंतर्यामी आहेत हो!" ताई मान डोलावत. अंतर्यामी म्हणे! आयत्या बिळावरचा नागोबा मेला. या माणसाला त्या इतकं तुच्छ मानत, की त्या मानण्यातच त्यांचा दिवस मजेत जाई. आपण नसलो तर या अंतर्याम्याला समोर पुरुष बसलाय की बाई हेही कळायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते ठाऊक असण्याचा अभिमानही होता.

संध्याकाळी घरी भाजी निवडताना सासूबाई विचारत, "आज कोण रडलं गं?" मग तिथेही बातमी जाई. नाव कधी नाही हं. ताई तशा शिस्तीच्या. त्यांच्या लेखी माणसांना नावं नव्हतीच, वेळा होत्या. सोमवार अकरा, बुधवार साडेपाच, गुरुवार चार.

गुरुवार चार म्हणजे पडदे शिवणाऱ्या एक बाई. नवरा बसचा ड्रायव्हर होता, तो जाऊन वर्ष झालेलं. त्यांना सोयीची बस एकच असल्यामुळे त्या साडेतीनलाच येऊन बसत. आत सरांपुढे त्यांचं तोंड उघडत नसे. "भिंतीशी बोलल्यासारखं होतं," अशी सर कुरकुर करत. भिंत बाहेर मात्र छान बोले. ताई त्यांच्यासाठी कपभर चहा जास्त टाकत, आलं जरा ठेचून घालत. एका गुरुवारी कप दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "ताई, यांचं गजराचं घड्याळ आहे. पहिल्या पाळीसाठी पाच-वीसचा गजर लावलेला असायचा. मी अजून तो लावते. वाजला की पडल्या पडल्या म्हणते, अहो, उठा, पाच-वीस झाले. मग बंद करते. कुणाला सांगू नका हं. वेडी म्हणतील."

"छे हो! माझ्या पोटात राहील."

पोटात ते पाच मिनिटं राहिलं. चारला पाच कमी असताना सरांचा चहा आत गेला.

सर त्या दिवसांत वाचनालयांतून, सोसायट्यांतून भाषणं देत हिंडत होते. विषय ठरलेला, हसतखेलत मन सांभाळा. हसायला लोकांची दुःखं आणि सांभाळायला सरांची शाल. त्या आठवड्यात सरांनी नवं उदाहरण लिहून दिलं. लबाडी बघा, बाईचं वय बदललं, पडद्यांवरून उठवून तिला शाळेत शिकवायला बसवलं, नवऱ्याला ड्रायव्हरचा दूधवाला केला. घड्याळ मात्र पाच-वीससकट तसंच ठेवलं, कारण हशा तिथेच येणार होता. टाइप करताना ताईंची बोटं थांबली.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही, कागद संपला."

त्यांनी नवा कागद घातला. पुढे त्या भाषणाच्या चौदा प्रती काढल्या, प्रत्येक सभागृहासाठी एक.

चौदाव्या सभागृहात गुरुवार चार बसल्या होत्या. नणंदेनं बळंच आणलं होतं, चल, तुझेच सर आहेत, जरा हसशील. सरांनी मान वाकडी करून, बायकी आवाज काढून "अहो, उठा, पाच-वीस झाले" म्हटलं आणि सभागृह फुटलं. सगळ्यांत मोठ्यानं नणंद हसली, वहिनीच्या मांडीवर थाप मारून. तिला बिचारीला काय ठाऊक!

महिन्याभरात परवाने देणाऱ्या परिषदेकडून पत्र आलं. गुरुवार चारची तक्रार होती, विश्वासानं सांगितलेलं गुपित सरांनी चारचौघांत वापरलं. पत्र वाचून सर खोलीभर फिरले. "माझ्यावर? अहो, ते घड्याळ माझ्या प्रतिभेतून आलंय!" त्यांनी जुन्या नोंदी काढल्या, पान न् पान बघितलं. घड्याळाचा उल्लेख कुठेच नव्हता. कसा असेल? आत ती बाई कधी बोललीच नव्हती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात तर तसंही नव्हतं. या चोराला आपण चोरी केल्याचं आठवतच नव्हतं. दुसऱ्याची वस्तू त्याच्या डोक्यात दोन दिवस राहिली, की ती त्याची प्रतिभा होई.

ताईंना सगळं आठवत होतं. त्या काच पुसत राहिल्या.

चौकशीला ताईंना वेळांची वही घेऊन बोलावलं होतं. तिसऱ्या मजल्यावर लांबट टेबल, पलीकडे तीन सभासद, मधल्या अध्यक्षबाई चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या. सरांनी नवा कोट घातला होता. नोंदींचा गठ्ठा पुढे सरकवत ते घसा साफ करून म्हणाले, "शोकात असं होतं, बाई. ऐकलेली गोष्ट माणसाला आपलीच वाटायला लागते. या पेशंटच्या बाबतीत मला ती शंका आधीपासून होती."

म्हणजे ज्या दुःखावर इलाज करायला बसला होता, तेच दुःख काढून त्यानं तिच्या तोंडावर मारलं. ताईंना त्याची इतकी किळस आली, की त्यांनी खुर्ची चार बोटं लांब सरकवली.

अध्यक्षबाई टेबलाच्या टोकाला बसलेल्या गुरुवार चारकडे वळल्या. "नोंदीत काही नाही. सिद्ध झालं नाही तर तक्रार खोटी म्हणून निकाली निघेल, हे तुम्हाला माहीत आहे ना? घड्याळाचं तुम्ही यांना कधी सांगितलंत?"

"केंद्रात सांगितलं."

"यांनाच?"

गुरुवार चारनी एकदा ताईंकडे बघितलं आणि मान खाली घातली. सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं एकमेकांवर घासत त्या म्हणाल्या, "आठवत नाही. पण मी आता तो गजर लावत नाही. वाजला की ती माणसं हसायला लागतात."

त्यांना आठवत होतं. ताईंना ते लख्ख दिसलं. ही बाई खोटारडी ठरून घरी जायला तयार होती, वेडी ठरायला तयार होती, पण चहा देणारीचं नाव घ्यायला तयार नव्हती. आणि आपण गप्प बसलो तर प्रश्नच मिटतो, हेही ताईंना त्याच क्षणी दिसलं. सर सुटतात, खुर्ची टिकते. दोन-तीन क्षण त्यांनी तसा हिशेब केला, ही गोष्ट खरी आहे, लपवण्यात अर्थ नाही.

मग त्या उठल्या. "मला सांगितलं होतं. मी यांना सांगितलं."

सर वळले. ताईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओळखायचा त्यांनी प्रयत्न केला. बाहेरची बातमी नसल्यामुळे जमलं नाही.

"असं एकदाच झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"दर माणसाआधी. अकरा वर्षं. चहाबरोबर."

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"सासूबाईंना."

डावीकडचे सभासद हसू दाबायला खोकले. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि चौदा सभागृहं कशी हसली असतील ते त्यांना कळलं.

निकाल तासाभरात आला. सरांचा परवाना दोन वर्षांसाठी निलंबित. "मी काय केलं?" सर ओरडत होते. "हिनं सांगितलं, मी फक्त ऐकलं! ऐकणं हाच माझा व्यवसाय आहे!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ताईंचं काम मान्य केलं, तेही असं.

ताई टेबलाशी उभ्याच होत्या. "आणि मला?"

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुमच्याकडे आमचा परवाना नाही. तुमच्यावर कारवाई करायचा आम्हाला अधिकार नाही. वही ठेवा आणि या तुम्ही."

ताईंनी वही ठेवली. काहीतरी झालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत त्या बाहेर आल्या. जिन्याशी गुरुवार चार पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या. ताईंना पहिल्यांदाच वाटलं, की हिला नावानं हाक मारावी. नाव वहीत होतं आणि वही आत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "सरांना शिक्षा झाली. झालं ना तुमच्या मनासारखं?"

बाईंनी वळून बघितलं. त्या रागावलेल्याही नव्हत्या.

"सरांचं काय घेऊन बसलात, ताई? सरांना मी कुठे काय सांगितलं होतं?"