चिकलठाण्याच्या अलीकडे अडकलेलं विमान

विमान करमाडच्या बाजूनं येत होतं. खाली जालना रोड, समोर चिकलठाण्याची धावपट्टी, आणि सुकाणू माझ्या मुलीच्या हातात. इंजिनाचा आवाज उतरत गेला, धावपट्टी रुंद होत गेली, आणि चाकं टेकायच्या जरा आधी सगळं जागच्या जागी थांबलं. विमान हवेत लटकलेलं, आवाज एकाच सुरात अडकलेला. मुलीनं हात सोडले आणि खुर्ची मागं सरकवली.

"गेलं परत," ती म्हणाली.

हे विमान आमच्या वरच्या खोलीतल्या कंप्युटरमधलं. सिम्युलेटर म्हणतात त्याला. पडलं तरी कोणी मरत नाही, म्हणून कोणाला तो खेळ वाटेल. आमच्या घरात तेव्हा तो खेळ नव्हता. मुलगी परराज्यात वैमानिकाचं शिक्षण घेत होती आणि तिची गाडी एकाच ठिकाणी अडली होती. तिच्याबरोबरची पोरं एकटी विमान उडवून एकटी उतरवून मोकळी झाली होती. हिचे सर मात्र अजून शेजारच्या सीटवरून उठायला तयार नव्हते, कारण जमीन जवळ आली की दर वेळी त्यांनाच हात घालावा लागायचा. आता सोमवारी परीक्षा होती. त्यात सरांना पुन्हा हात लावावा लागला, तर शिक्षण तिथंच थांबणार होतं. चार दिवसांची सुट्टी देऊन त्यांनी तिला घरी पाठवलं होतं. घरच्या सिम्युलेटरवर सराव कर, म्हणाले होते.

आणि घरचा सिम्युलेटर हा असा मध्येच बंद पडायचा.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बंद पडलेलं मशीन हा माझा रोजचा घास. त्यामुळे मी बाह्या सरसावल्या, आणि खरं सांगतो, मला थोडा आनंदच झाला होता. विमानातलं मला काही कळत नाही, पोरीला काय शिकवणार? पण मशीन दुरुस्त करणं माझ्या हातातलं होतं. गल्लीतले चाचा येता-जाता विचारायचे, "पायलट बेटी कब जा री वापस?" मी ऐटीत सांगायचो, सोमवारी परीक्षा देऊनच टाकते.

आमच्या धंद्यात एक शिस्त असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशानं गेला ते कळत नाही. आधी मी कंप्युटरचं झाकण काढून ब्लोअरनं धूळ उडवली. विमान छान चाललं, मी मिशीवर ताव दिला, आणि दौलताबादच्या डोंगरावर ते पुन्हा थांबलं. मग वाटलं, उन्हाळ्यानं तापत असेल. कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं. आम्ही घामाघूम झालो, कंप्युटर गार पडला, आणि विमान पुन्हा थांबलं. चित्राचा दर्जा उतरवला, तर झाडं ढेकळांसारखी दिसायला लागली. मेमरी काढून पुसून बसवली, नको ते प्रोग्राम उडवले. कधी तासभर काही व्हायचं नाही, कधी उड्डाण घेताघेताच बंद. याला ना वेळ ना काळ. नियमानं बंद पडणारं मशीन मला आवडतं, त्याचा राग येत नाही. हे मात्र मला खिजवत होतं. मी बायकोवर खेकसलो, मुलीवर खेकसलो, जेवताना ताट बाजूला सारलं.

"तुमचा पारा चढून ते चालू होणारे का?" बायको म्हणाली. "नाय ना? मग जेवा."

शनिवारी दुपारी मी टेबलाखाली उताणा पडलो होतो, दातांत टॉर्च धरून वायरी चाचपत. वर मुलगी उडत होती. सुकाणू आणि पायाचे पॅडल ज्या छोट्या डबीला जोडले होते, ती माझ्या नाकासमोर होती. डबीवरचा लाल दिवा एकदम विझला आणि लगेच लागला. त्याच क्षणी वर आवाज अडकला आणि मुलगी म्हणाली, "गेलं."

मी धडपडत बाहेर आलो, डोकं टेबलाला आपटलं. खालून घरघर ऐकू येत होती.

"काय लावलंस गं?" मी जिन्यातून ओरडलो.

"मोटर! दुसरं काय लावणार?"

इथं आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. आलं की हौदात साठवायचं आणि मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. बहुतेक लोक टाकी एकदाची भरून टाकतात. माझी बायको तसं करत नाही. टाकी भरलेली आहे असं कळलं की घरातली माणसं नळ सोडून बसतात, असं तिचं ठाम मत. म्हणून ती पाणी चढवते घोट-घोट. भांड्यांपुरतं, अंघोळीपुरतं, पाहुणा आला तर चहापुरतं. दिवसभरात मोटर किती वेळा लागते, याचा हिशेब तिचा तिलाही नसेल. जुनी मोटर सुरू होताना वीज क्षणभर खाली बसायची. कंप्युटर यूपीएसच्या बॅटरीवर होता, तो टिकायचा. डबी मात्र भिंतीतल्या साध्या बोर्डावर. तिचा जीव जायचा, सुकाणू नाहीसं व्हायचं आणि विमान त्याची वाट पाहत तटून राहायचं.

"बंद कर! आता लाव! परत बंद!" मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ओरडत होतो. प्रत्येक वेळी मोटर लागली की विमान थांबलं. मग डबीची पिन बॅटरीच्या सॉकेटमध्ये खोचली. मोटर लागली आणि विमान चालतच राहिलं. परत लावली, तरी चालत राहिलं. मी टाळ्या पिटल्या.

"अहो, पुरे आता, लई झालं! टाकी वाहायला लागली!" खालून बायको ओरडली. एवढं पाणी वाया गेलेलं तिला त्या घरात पहिल्यांदाच दिसलं असेल.

मुलगी मात्र हसली नाही. "मग हे आता बंद पडणारच नाही?" तिनं विचारलं.

"शक्यच नाही. लिहून देतो."

तिनं पुन्हा उड्डाण केलं. करमाडवरून वळली, धावपट्टीसमोर आली. विमान खाली खाली येत गेलं. चाकं टेकायला आली आणि सगळं थांबलं.

माझं डोकंच फिरलं. मी टेबलाखाली झेपावलो. डबीचा दिवा लागलेला, अगदी स्थिर. पंखा फिरत होता. खाली मोटर बंद होती. मी वर येऊन पडद्याकडे पाहिलं, तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत "पॉज" उमटलं होतं. मुलीचं बोट अजून कीबोर्डवरच्या पॉजच्या बटणावर होतं.

कारखान्यात असे ऑपरेटर मी ढिगानं पाहिलेत. काम अंगावर आलं की हळूच बटण दाबायचं आणि "साहेब, मशीन बिघडलं" म्हणायचं. त्यांना मी लांबून ओळखतो. माझ्या शेजारी बसलेली मला ओळखता आली नव्हती. तोंडावर आलेलं ओरडणं मी कसंबसं गिळलं.

"सगळ्या वेळी तूच?" मी विचारलं.

"नाही. खरंच बंद पडायचं ते." ती पडद्याकडेच पाहत होती. "पण पडलं की मला बरं वाटायचं, बाबा. कधी वाटायचं, आता पडावं. पडलं नाही तर मीच दाबायची. तिथं सर हात घालतात, इथं हे थांबायचं. शेवटपर्यंत मी एकटीनं एकदाही आणलेलं नाही."

तीन दिवस मी घाम गाळून जो बिघाड दुरुस्त करत होतो, तेवढाच तिला आसरा होता, आणि तो मी काढून घेतला होता. तोंडाशी आलं होतं, नको जाऊ सोमवारी, राहू दे ते विमान. दुसऱ्या क्षणी चाचा आठवले आणि लाज वाटली, की पोरीचा चेहरा समोर असताना मला चाचा आठवतात.

"बरं. मी बसतो शेजारी," मी खुर्ची ओढली. "तू आण खाली. मी आहे."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर जा. दार लावून घ्या."

मला राग आला. वाईटही वाटलं. माझ्याच घरातून, मीच दुरुस्त केलेल्या मशीनपासून मला बाहेर काढलं जात होतं. पण मी उठलो आणि दार लावून घेतलं. बायको जिन्यात येऊन उभी होती. तिनं भुवया उंचावून विचारलं. मी नुसता हात हलवला आणि पायरीवर बसलो. तीही बसली.

आत इंजिन वाढलं, मग बराच वेळ एकसारखं चालत राहिलं. मग हळूहळू उतरायला लागलं. आणि धाडकन आवाज. मग काहीच नाही. मी कडीकडे हात नेला. बायकोनं मनगट धरलं.

"बसा हो," ती म्हणाली. "बोलावलंय का तिनं?"

इंजिन पुन्हा सुरू झालं. पुन्हा ती सगळी चक्कर आणि पुन्हा तो उतरत जाणारा आवाज. विमानाचा वेग संपत आला की भोंगा वाजतो, एवढं मला इतक्या दिवसांत माहीत झालं होतं. तो बारीक वाजायला लागला. याच जागी ती बटण दाबायची. भोंगा वाजतच राहिला. मग चाकं चिरकली, सुटली, परत चिरकली, आणि जमिनीवरून घरंगळत जायचा आवाज हळूहळू कमी होत थांबला.

मी दाराकडे पाहत राहिलो. ते उघडलं नाही. आतून हाक आली नाही, जमलं म्हणून कोणी ओरडलंही नाही. थोड्या वेळानं इंजिन परत पूर्ण जोरानं वाढलं. तिला आमची आठवणही नव्हती.