दाणाखोलीचं कुलूप

महादेवराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत भाजी घेत होतो. त्याला आता पाच आठवडे झाले. शोकसभेत सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलले, मीही बोललो. एक गोष्ट मात्र सांगितली नाही...

सदरजवळच्या आमच्या लहानशा घोडेस्वारी क्लबाची व्यवस्था मी पाहतो. घोडे सात. महादेवराव तिथे एकतीस वर्षं मोतद्दार होते, घोड्यांची सगळी निगा त्यांच्याकडे. घोड्यांचे दात हे तेव्हा त्यांचंच काम. एकानं जीभ बाजूला धरायची आणि त्यांनी लांब दांड्याची कानस तोंडात घालून दाढांच्या वाढलेल्या धारा घासायच्या, हात पोचेल तिथपर्यंत. पार मागचं कोणालाच दिसायचं नाही.

चार वर्षांपूर्वी चिमणी नावाची घोडी वाळू लागली. मी टेप लावली. दोन महिन्यांत छातीचा घेर साडेतीन इंचांनी कमी. दाणा मात्र रोज तीन किलो निघत होता. मी सरळ वजाबाकी केली आणि उत्तरात माणूस धरला. दाणाखोलीला कुलूप लावलं. रोज सकाळी सहाला त्यांनी माझ्याकडून किल्ली घ्यायची आणि खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या माझ्यासमोर तोलायचं.

एकदा त्यांनी अर्धवट चावलेल्या गवताचा ओला बोळा माझ्या टेबलावर ठेवला.

"हे पाहा साहेब, चावून टाकून देऊन राहिली. दाणाही तसाच सांडवते. मागची दाढ टोचते तिले. माही कानस तिथं पोचत नाही. डॉक्टर बोलवा."

"दाणा जातो कुठे ते आधी सांगा, महादेवराव."

"मले काहून विचारता? तिलेच विचारा ना. तोंड तिचं आहे."

मी बोळा उचलून बाहेर फेकला.

कुलूप लावूनही घोडी वाळतच राहिली, तेव्हा कुठे अकरा आठवड्यांनी डॉक्टर आले. गुंगीचं इंजेक्शन, जबडा उघडा धरणारी लोखंडी चौकट, कपाळावर दिवा, विजेवर फिरणारी कानस... डावीकडची शेवटची दाढ आकड्यासारखी वाढली होती. गालात जखम. डॉक्टरांनी मला वाकून पाहायला लावलं. घोडीचं डोकं महादेवरावांनी धरलेलं होतं. मी आत पाहिलं. त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आता सातही घोड्यांचे दात दरवर्षी असे तपासले जातात, एकेका दाढेची नोंद राहते. चिमणीचा घेर चार महिन्यांत भरून आला. महादेवरावांनी आपली कानस तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवली.

कुलूप मी काढलं नाही. काढलं असतं तर ते का लावलं होतं, हे बोलावं लागलं असतं. मग ते रोज येत राहिले. "किल्ली द्या, साहेब." तीन किलो तोलायचे, तबकडीचा काटा मला दिसेल असा वळवायचे आणि मी मान हलवेपर्यंत थांबायचे.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं. त्यांच्या जागी त्याच सकाळी आलेला नवा मोतद्दार शेजारीच उभा होता.

"कुलूप काहून होतं साहेब? चोरी होत होती काय?"

"नाही," मी म्हणालो.

चार वर्षांत हे मी पहिल्यांदा बोललो. खोलीत वजनकाटा तसाच होता, माझ्या खुर्चीकडे तोंड करून.