शेजारणीचं दूध

मुलगी तीन महिन्यांची झाली आणि मी पुन्हा कंपनीत जायला लागले. चाकणला गाड्यांच्या वायरिंगची जुळणी व्हायची, तिथे मी कंत्राटी कामगार होते. कंत्राटदार फोनवर म्हणाला होता, "ताई, सोमवारी आलात तर जागा तुमची, नाहीतर दुसरी बाई लावतो." नवऱ्याची कंपनी तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस चालू होती. सोमवारी मी गेले.

बाळाला शेजारच्या खोलीत ठेवलं. शेजारीण परभणीकडची, माझ्याहून लहान, तिचा स्वतःचा मुलगा पाच महिन्यांचा. सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी घरी येऊन शिकवलं होतं तसं मी सकाळी वाटी-चमचा उकळून दूध पिळून ठेवायचे. ते संपलं की डब्याचं पाजायचं, असं ठरलं होतं.

लाइनवर दहा वाजले की छाती दगडासारखी व्हायची. कुणाच्या मोबाइलवर एखादं बाळ रडलं तरी पान्हा फुटायचा आणि आत घातलेला रुमाल भिजून ॲप्रनवर डाग यायचा. सुपरवायझर डागाकडे बघायचा आणि मग घड्याळाकडे. चहाच्या सुट्टीत मी बाथरूमच्या बेसिनमध्ये दूध पिळायचे. बाहेरून बायका दार वाजवायच्या. पहिल्या दिवशी मी रडले. नंतर फक्त घाई करायची.

बाळ मात्र छान भरत होतं. मांड्यांना वळ्या पडल्या. माझ्या वाटीतल्या दुधाचा हा गुण, असं मी लाइनवर सगळ्यांना सांगायचे.

दीड महिन्याने एकदा माल आला नाही म्हणून लाइन बंद पडली आणि आम्हाला अकरालाच सोडलं. शेजारणीचं दार उघडंच होतं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि माझी मुलगी तिच्या अंगावर पीत होती. माझी चाहूल लागली तशी मुलीने डोळे फिरवून मला पाहिलं, आणि पीतच राहिली.

"कुणाला विचारून पाजलंस?"

"चमचा तोंडात घेईना, माय. रडून रडून निळी पडायली. माझ्या अंगावर दूध हाय, म्हणून पाजलं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिसापासून. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाई."

मी बाळ ओढून घेतलं. ते किंचाळलं. मी म्हणाले, "आमच्यात कुणाचंही दूध पाजत नाहीत."

'कुणाचंही' हा शब्द मी कशासाठी वापरला ते तिला कळलं. मलाही माहीत होतं. तिने पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी आकुर्डीहून नणंद राहायला आली. तिने दोन मुलं वाढवली होती, त्यामुळे तिला शिकवायची सोय नव्हती. "घट्ट दूध पचत नाही, वहिनी," म्हणत ती पावडर अर्धीच घालायची आणि बाटली नळाखाली विसळायची. मी बघत होते. बोलले असते तर ती निघून गेली असती आणि माझी नोकरीही. माझं दूध तोवर आटत चाललं होतं. बाळ दिवसभर किरकिर करायचं. पोट फुगलेलं आणि मांड्या सुकलेल्या.

एका रविवारी मी घरात असताना ते असंच रडत होतं. शेजारीण दाराशी आली. दार लोटलेलं होतं, तिने बाहेरूनच विचारलं, "थोडं पाजू का?"

मी आतूनच म्हणाले, "नको."

त्याच आठवड्यात जुलाब सुरू झाले. दवाखान्यात हाताची शीर सापडेना, सलाईन पायाला लावलं. डॉक्टरीणबाईंनी पावडर कशी कालवता ते करून दाखवायला सांगितलं. नणंदेने दाखवलं. त्या तिला काही बोलल्या नाहीत, मलाच म्हणाल्या, "हिला तुम्ही उपाशी ठेवलंत." चार दिवसांनी बाळ घरी आलं. कंत्राटदाराने तोवर दुसरी बाई लावली होती.

मी मुलीला घेऊन शेजारणीकडे गेले. काय बोलायचं ते चार दिवस घोकलं होतं. तिने दार उघडलं. मुलाला कडेवर घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली.

"बरी झाली का?"

"हो. तू... हिला थोडं..."

"माझ्या पोराला पुरंना आता," ती म्हणाली. तिच्या ब्लाउजवर दोन ओले गोल डाग होते. ते मला दिसले आणि मला दिसले हे तिलाही कळलं. तिने दार हळूच लावून घेतलं, आपटलं नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं मी डब्याचं दूध नीट मापाने कालवून वाटीने पाजलं आणि जमेल तेवढं अंगावर लावत राहिले. ती सहा महिन्यांची झाल्यावर वरणभात कुस्करून, नाचणीची खीर असं भरवत गेले. मुलगी वाचली, वाढली. शेजारीण त्या भिंतीपलीकडे आणखी वर्षभर राहिली. नळावर भेटली की माझी बादली भरेपर्यंत ती बाजूला थांबायची. त्या वर्षभरात मी तिची माफी मागितली नाही.

आता मुलगी शाळेत जाते. माझी धाकटी जाऊ पहिलटकरीण आहे, ती मला विचारते, "तुम्ही कामावर जायचात, मग हिला अंगावरचं दूध कसं पाजलंत?"

मी सांगते, वाटी-चमच्याने.