पाचवीच्या आधी उंबरा ओलांडला

देवीवर राग धरू नये असं लहानपणापासून ऐकत आले. मी धरला, आणि पोटभर धरला. कशासाठी धरला आणि पुढे काय झालं, ते घडलं तसं सांगते. कुणाला काही पटवून द्यायचं नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, नेकनूरच्या पलीकडे. रस्त्याला लागूनच घर, आणि पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी. माझी धाकटी लेक वैशू पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. दवाखान्यात नीट बाळंत झाली, मुलगी झाली. घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं मला समोर उभं केलं आणि बजावून सांगितलं. बाळानं दूध ओढायचं सोडलं, उठवूनही ते जागं होईना, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, झटके आले, हातापायाचे तळवे पिवळे दिसले, तर घरी काही करत बसू नका. यातलं एकही दिसलं तरी निघा. कुणाचं दळण जाड आणि कुणाचं बारीक हे माझ्या डोक्यात आपोआप राहतं, तसं हेही राहिलं.

पाचव्या दिवशी पाचवी. आमच्याकडे त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. पाटा मांडायचा, कोरा कागद आणि पेन ठेवायचं, दिवा विझू द्यायचा नाही. आणि ती लिहून जाईपर्यंत बाळाला घराचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही. त्यासाठी माजलगावहून वैशूच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, आदल्या दिवशीच आल्या होत्या. बाई वाईट नाहीत. नातीसाठी टोपडं स्वतः शिवून आणलं होतं.

आदल्या दिवसापर्यंत पोरगी पीत होती. पाचवीच्या सकाळपासून तोंडच लावीना. वैशूनं तळपायाला गुदगुल्या केल्या, कान चोळले, ओल्या बोटानं गाल पुसला. डोळे किलकिले करायची आणि पुन्हा मिटायची. विहीणबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि शेजारच्या काकूला कौतुकानं दाखवू लागल्या.

"लई गुणाची हाय बघा. आमच्या दिनूच्या वक्ताला तर आख्खी गल्ली जागी असायची."

"गुणाची न्हाई, उपाशी हाय," मी म्हटलं. "सकाळपासून थेंब गेला न्हाई पोटात."

"पोट भरलं असंल तिचं."

"कशानं भरलं? वाऱ्यानं?"

काकू पदरात हसली. विहीणबाई नाही हसल्या.

तेवढ्यात बाळाच्या ओठांची हालचाल सुरू झाली. काही चघळल्यासारखी. पापण्या फडफडल्या, आणि एक पाय सायकल मारल्यासारखा हलू लागला. दोघीही खुश झाल्या. "सटवाई खेळवतीय गं! बघ कशी हसवतीय," म्हणत काकूनं कानशिलावर बोटं मोडली. झोपेत बाळ हसलं की आमच्याकडे असंच म्हणतात, मीही म्हणत आले. पण हे हसणं नव्हतं. मी तो पाय मुठीत धरला. बाळ नुसतं पाय हलवत असेल तर धरल्यावर थांबायला हवं. माझ्या मुठीतही तो उडतच राहिला, आणि गिरणीच्या लोखंडासारखा गार होता.

मी म्हटलं, "वैशू, उठ. दवाखान्यात निघायचं."

विहीणबाईंनी बाळ छातीशी घट्ट धरलं. "आज? पाचवी व्हायची हाय आजून. रातच्याला ती लिवायला येणार, आन् लेकरू जाग्यावर न्हाई? कोऱ्या कपाळानं जगंल का पोरगी?"

"न्हेली न्हाई तर जगायचीच न्हाई."

"तोंड आवरा विहीणबाई! सणाच्या दिवशी वंगाळ बोलू नगा."

मी जावयांना, त्यांच्या दिनूला, फोन लावला. ते कारखान्यावर कामाला आहेत. सगळं ऐकून म्हणाले, "मामी, आई म्हणती तसं करा की. उद्या सकाळपर्यंत काय हुतंय?" मी फोन ठेवला. काय हुतंय! स्वतःचा मोबाइल बंद पडला की हा माणूस दुपारचं जेवण सोडून दुकान गाठतो. पोटच्या पोरीला मात्र उद्या सकाळपर्यंत थांबता येतं. वैशू एकदा माझ्याकडे बघायची, एकदा सासूकडे, आणि रडायची. बाळ विहीणबाईंच्या हातात. ओढाताण करायला ते काही पिठाचं पोतं नव्हतं.

रुग्णवाहिकेला फोन केला, ती दुसऱ्या गावाला गेलेली. मी देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. हात जोडले नाहीत. मनात म्हटलं, तू लेकरं राखणारी म्हणवतेस ना? मग तुझ्याच नावानं हे दार कशाला अडवून ठेवलंस? काय लिहायचं ते लिही, पण कपाळ जिवंत तर राहू दे. याहून वाईटही बोलले, ते इथे लिहीत नाही.

तेव्हाच दारातून आवाज आला. "आई राजा उदो उदो! जोगवा वाढ माय."

आराधीण होती. भवानीची परडी घेऊन दारोदार जोगवा मागणाऱ्या या बाया आमच्या भागात मंगळवारी, शुक्रवारी येतातच. एरवी मी मूठभर पीठ घालते आणि मोकळी होते. त्या दिवशी ओरडले, "पुढं जा! इथं लेकरू मराया लागलंय."

ती पुढे गेली नाही. "कुणाचं?" म्हणाली आणि सरळ आत आली. साठीची असेल. उंच, हाडकुळी, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. मी तिला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. विहीणबाई लगबगीनं पुढे झाल्या, बाळ तिच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "माय, पाचवी हाय आज. हात ठेव डोक्यावर."

तिनं डोक्यावर हात ठेवला नाही. पालथा हात बाळाच्या पोटाला लावला, मग तळपायाला.

"गार पडलीय ही. कशाला ठेवलीय घरात?"

"आज कपाळावर लिवणार न्हवं... जागा सोडली तर..."

"आगं ए शहाणे," आराधीण म्हणाली, "रानात उसाच्या फडात जन्मल्यालं लेकरू तिला हुडकाया येतंय, आन् दवाखाना घावायचा न्हाई व्हय? का बीडचा रस्ता तिला म्हाईत न्हाई?"

"पर उंबरा..."

"उंबरा वलांडूनच आले न्हवं मी आत? माझ्यामागं चला भाईर. काय व्हायचं ते मला हुईल."

मी दहा वेळा सांगून जे झालं नव्हतं, ते तेवढ्यानं झालं. विहीणबाईंचे हात सैल पडले. मी बाळ उचललं, वैशूच्या उघड्या छातीला लावलं, वरून दुलई गुंडाळली आणि आम्ही निघालो.

रस्त्यावर काळीपिवळी जीप येत होती, भरलेली. अशा जीपा आमच्या दारात हात दाखवून थांबत नाहीत. आराधीण दोन्ही हातांनी परडी उंच धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"ओ आजी, मरायचंय का?" मग त्याला दुलई दिसली. "उतरा रे दोघंतिघं! बाळंतीण हाय."

"आमी कशाला? आमची जागा हाय ही," मागून एकजण म्हणाला.

"जागा काय संगं न्हेणार हायस? उतर बे!"

आम्ही बसलो. विहीणबाईही चढल्या, अनवाणीच. जीप निघाल्यावर मी मागे वळून बघितलं. आराधीण शेजारच्या दारात उभी राहून जोगवा मागत होती. माझ्या घरून तिला चिमूटभर पीठसुद्धा मिळालं नव्हतं.

बीडला पोहोचल्याबरोबर बाळाला आत घेतलं. रक्तातली साखर पार उतरली होती आणि अंगात जंतुसंसर्ग पसरत होता. ते हसणं म्हणजे झटके होते. डॉक्टरीणबाई माझ्यावरच कडाडल्या, "दूध ओढायचं सोडलं तेव्हाच आणायचं! उद्या सकाळची वाट बघितली असती तर..." मी ऐकून घेतलं. त्या बोलत होत्या ते माझंच बोलणं होतं, फक्त मला ते माझ्या घरात कुणापुढे चालवता आलं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं.

काचेपलीकडे दिव्याखाली एवढासा जीव, हाताला सलाईन. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळपासून मी भांडत होते आणि भांडायला समोर कुणीतरी होतं. आता समोर फक्त काच होती. तिथे माझे हात आपोआप जुळले. म्हटलं, बाई, माझ्या हातातलं होतं ते मी इथवर आणून पोचवलं. इथून पुढचं माझ्या हातात नाही. बरं होईल की नाही ते मी विचारत नाही. तू घे. एवढं म्हटल्यावर मी फरशीवरच बसले. इतकी मोकळी मी अनेक वर्षांत बसले नव्हते.

विहीणबाई शेजारी येऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिला खरंच घावंल ना हो हे ठिकाण?"

जिभेवर बरंच काही आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "घावंल."

काही दिवसांनी सिस्टरनं वैशूला आत बोलावलं आणि बाळ अंगावर दिलं. वैशू आतूनच ओरडली, "आई, ओढतीय!" माझ्याआधी विहीणबाई रडल्या.

गावात आता सगळे सांगतात की दारात देवीच आली होती. मी त्या बाईचा बराच शोध घेतला, मिळाली नाही. देवी होती म्हणावं तर तिच्या पायातली चप्पल तुटकी होती, पिनेनं जोडलेली. साधी बाई होती म्हणावं तर त्याच दारात, त्याच घटकेला तिला कुणी पाठवलं? मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचंही नाही. मी रोज तिच्यासाठी दिवा लावते.

पण एका गोष्टीची चीड येते. लोक माझ्या घरी येऊन ही हकीकत ऐकतात, गहिवरतात, नारळ फोडतात. आणि त्यांच्या घरी बाळ निपचित पडलं की म्हणतात, लई गुणाचं हाय. प्रत्येक दारात आराधीण येत नाही! त्यांच्याच म्हणण्यानं देवीनं एकदा स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आता तिनं घरोघर हिंडत बसायचं काय? शरण जायचं म्हणून दार लावून बसायला तिनं कुणाला सांगितलंय? आधी लेकरू उचलून धावायचं. पाय संपतील तिथे तिच्या ओटीत घालायचं.

म्हणून हल्ली कुणाच्या घरी बाळंतीण आली असं कळलं की मी गिरणी बंद करते आणि चालत जाते. बाळ बघायच्या आधी विचारते, ओढतंय का? काही घरांना ते आवडत नाही. त्या दिवशी काचेसमोर मी देवीच्या पायाशी सगळं ठेवलं होतं, रागसुद्धा. बाकीचं तिनं ठेवून घेतलं. राग तेवढा परत दिला, कामाला लाव म्हणून.