मंजुरीच्या आधीच झालेली सायकलवाट

“अरे, वाट तर ही इथं पडली आहे! मग पैसे काहून मागून राहिले?” पाहणीला आलेला सरकारी ओवरसियर असा ओरडला, की मौद्यापर्यंतच्या बैलांनी दावी तोडली असावीत.

माझे थोरले भाऊ पुढे झाले. “आम्हीच केली ना साहेब, आठ दिवसांत! श्रमदान करा, मग सरकार पैसे देते, असं तुमच्याच हापिसात सांगतलं.”

खरंच सांगितलं होतं. पुतणी आठवी पास झाली होती आणि पुढची शाळा सहा मैलांवर, नागपूरच्या वेशीशी. मोठ्या सडकेवर ट्रक असे सुसाट, की त्यांच्या वाऱ्यानं उडालेलं माझं धोतर एकदा पारडीला सापडलं. भावानं ठरवून टाकलं होतं, “नाल्याकाठून सायकलची वाट झाली तं पोरगी शाळेत, नाही तं घरात.” म्हणून आम्ही पायवाट, सायकलवाट आणि नाल्यावर एक रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, असा अर्ज केला. मग जन्मात माशी न हाकललेल्यांनीही कुदळी उचलल्या. वाट अशी गुळगुळीत झाली, की गावात सोडलेलं लिंबू नागपुरात थांबायचं. राहिला फक्त रपटा. त्याला सिमेंट लागतं, ते सरकारकडे.

“श्रमदान मंजुरीनंतर करायचं असते,” ओवरसियरनं कपाळाला हात लावला. “नवीन वाटेचा पैसा जिथं वाट नाही तिथं. इथं तर आहे.”

“मग दुरुस्तीत बसवा.”

“दुरुस्ती जुन्या वाटेची. ही कागदावर नाहीच.”

“म्हणजे आहे का नाही?”

“आहे म्हणून पैसा नाही. नाही म्हणूनही नाही.”

“उखडून टाकू!” मी म्हणालो. “मग या मोजायले.”

“उखडली तर केस लागन. सरकारी वाट आहे.”

“सरकारी कधी झाली गा?”

ओवरसियरनं फाइल उघडली, उलटी धरली, मिटली. तो आमच्याहून जास्त गोंधळला होता. पाणी प्याला आणि आमच्याच वाटेनं सायकल हाणत निघाला. नाल्याशी उतरला, पँट गुडघ्यावर चढवली, सायकल खांद्यावर घेतली आणि पाण्यातून पलीकडे गेला.

भाऊ दगडावर बसले. सायकलीची साखळी पुसत असलेल्या पोरीला म्हणाले, “रपटा तं गेला. आता कशी जाशीन वं शाळेत?”

तिनं मान वर केली नाही.

“साहेब गेले तशी.”