डबा सांडणारी मुलगी

मंडळी, आज इकडे परदेशात, हॅमिल्टनमधल्या एका शाळेतून डोकं फिरवून घेऊनच घरी आलेय.

वर्गातल्या मुलांचं वागणं आणि अभ्यास हाच माझ्या संशोधनाचा विषय. आज दुसरीच्या वर्गात मागे बसून एका मराठी मुलीला बघत होते. मोठ्याने वाचायची पाळी आली की ती पेन्सिलींचा डबा सांडते. मग टीचर तिला शिक्षा म्हणून वर्गाबाहेर हॉलवेमध्ये पाठवते. आजही तेच झालं.

मी बाहेर जाऊन विचारलं, "डबा का गं सांडलास?"

"देन आय डोन्ट हॅव टु रीड," ती शांतपणे म्हणाली.

शिक्षा म्हणे! अहो, तिला हवं तेच तर रोज देताय! मी तिला एक ओळ वाचायला लावून पाहिली आणि टीचरला सांगितलं, हिला वाचता येत नाही. आधी एकटीला जवळ बसवून सोपं पान वाचून घ्या, मग वर्गासमोर उभं करा.

"शी इज जस्ट लेझी," टीचर हसली.

शाळा सुटल्यावर मुलीची आई भेटली. तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही काळजी करू नका, घरी गेल्यावर दोन ठेवून देते तिला."

झालं दोघींचं एकमत! शिकवणार कोण, हे मात्र दोघीही बोलल्या नाहीत.

आता 'आम्ही मार खाऊनच सुधारलो' अशी कमेंट टाकायला निघालेल्यांनी आधी एवढंच सांगा: वाचता येत नसताना रोज सगळ्या वर्गासमोर उभं केलं असतं, तर तुम्ही काय सांडलं असतं?